‘मेस्विज’ म्हणजे निरोप नव्हे

कायद्याच्या अनुवादात उतरू पाहणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो, कोणता कोश घेऊ? त्यावर मी माझ्या पहिल्या दस्ताची फजिती सांगतो.

फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत मी पानामागे पैसे या बोलीवर अनुवाद करायचो. इंग्रजीत एम. ए. झालेलं, त्यामुळे अंगात मस्ती होती. हाती आलं ते गिरगावातल्या एका घराचं १९२६ सालचं इंग्रजी खरेदीखत. कार्बन कॉपी, अक्षरं फुटलेली. पहिल्याच परिच्छेदात ‘ऑल दॅट मेसुएज’. मी म्हटलं, टायपिस्टानं ‘मेसेज’चं स्पेलिंग चुकवलंय. पण घराच्या कागदात निरोपाचं काय काम? शब्द सरळ गाळला. पुढे ‘टेनेमेंट’ आलं. गिरगावातच वाढलेला मी, टेनेमेंट म्हणजे चाळीतली खोली हे मला कोणी शिकवायला नको होतं! बिनधास्त ‘खोल्या’ लिहिलं.

कचेरीतल्या हेडक्लार्कना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी पान वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “अरे, पक्षकाराचं घर कुठे गेलं? आणि या चाळीतल्या खोल्या कुठून आणल्यास?”

‘मेसुएज’ हा शब्द अस्सल होता, उच्चार साधारण ‘मेस्विज’. अर्थ राहतं घर, पण नुसत्या चार भिंती नव्हेत. घराला लागून असलेली छपरी, गोठा, परस, आवार हे सगळं त्यात येतं. ‘टेनेमेंट’चा कायद्यातला जुना अर्थही खोली असा नाही. कोणाकडून तरी धारण केलेली स्थावर मिळकत म्हणजे टेनेमेंट, मग ती जमीन असो की घर. ‘हेरेडिटामेंट’ म्हणजे वारशानं पुढे जाऊ शकेल अशी मिळकत, त्यात काही हक्कही आले. इंग्रजी दस्तांत हे तिघे बहुधा हातात हात घालूनच फिरतात.

ही गर्दी का, हे कळलं की भीती जाते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि कायद्याच्या कामात फ्रेंच घुसली. न्यायालयातले वाद इंग्रजीत चालवावेत असा कायदा १३६२ साली झाला, तरी वकिलांची मोडकीतोडकी फ्रेंच आणि कागदावरची लॅटिन पुढे कित्येक पिढ्या सुटली नाही. मग एक शब्द इकडचा, एक तिकडचा अशा जोड्या पडल्या. ‘विल’ इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिनमधून आलेला. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘कागदपत्र’मधला कागद फारसीतून आलाय आणि पत्र संस्कृत. ‘धनदौलत’चंही तेच.

भाऊंनी मला कोश दिला नाही. कपाटातून जुनी मराठी खरेदीखतं काढून दिली आणि म्हणाले, “आठवडाभर हीच वाच.” त्यात भेटलं ते वाक्य अजून पाठ आहे: ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त’. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेव, सगळं विकलं. मागे काही ठेवलं नाही. ‘दरोबस्त’ फारसी, म्हणजे संपूर्ण. इंग्रज वकील ‘मेस्विज, टेनेमेंट, हेरेडिटामेंट’ लिहून जे साधत होता, तेच आपला दस्तलेखक आपल्या पद्धतीनं साधत होता. पळवाट ठेवायची नाही, बस्स.

म्हणून नव्या माणसाला माझं सांगणं एवढंच, की शब्दाला शब्द शोधत बसू नका. कोणता शब्द काम करतोय आणि कोणता नुसता वजनाला ठेवलाय, ते आधी पाहा. ‘सिच्युएट, लाइंग अँड बीइंग’ या तिघांना मराठीत ‘असलेली’ हा एकटा पुरतो. ‘मेस्विज’ मात्र काम करतो. त्याचं नुसतं ‘घर’ केलंत तर आवार गळतं. मी ‘राहते घर व त्यास लागून असलेले आवार’ असं लिहितो. लांब होतं, होऊ दे.

ओळखीचे शब्द अनोळख्यांपेक्षा वाईट. ‘डिमाइज’ म्हणजे एरवी मृत्यू, पण भाडेपट्ट्यात ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणजे पट्ट्यानं दिलेली जागा. ‘मयताची जागा’ असा अनुवाद मी या डोळ्यांनी पाहिलाय. मुंबईच्या जुन्या कागदांत ‘फोरास’ दिसेल, तो तर इंग्रजीही नाही. पोर्तुगीज ‘फोरो’, म्हणजे जमिनीपोटी द्यायचा खंड, त्यातून आलेला जमीन धारण करण्याचा प्रकार. तो तसाच ठेवा. भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ जवळ असावा, पण तो जुनी खतं वाचल्यावर उघडावा.

आणि हो, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचं कलम ८ मुळातून वाचा. घर विकलं की त्याबरोबर काय काय जातं, हे सांगताना तिथे कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या असं नावानिशी दिलंय. तीच यादी वाचून मला पहिल्यांदा वाटलं, की या भाषेत माणसं राहतात.

दुरुस्त केलेला अनुवाद न्यायला पक्षकार स्वतः आले, सत्तरीचे गृहस्थ. पान उलटत त्यांनी एकच विचारलं, “मागची विहीर यात आली ना हो?” मी ‘आवार’ या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि मग पानांचे पैसे मोजले.