चोरीच्या गुन्ह्यात जामीन : घरच्यांकडून होणाऱ्या या चुका टाळा

कोर्टाने जामीन मंजूर केला की माणूस सुटला, असं समजून घरी जाऊन बसणं ही सोलापूरच्या कोर्टात मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक आहे. हुकूम एका दिवशी होतो आणि माणूस आणखी दहा-पंधरा दिवस आतच राहतो, कारण जामीनदार उभा राहिलेला नसतो.

विडी वळणाऱ्या एका मावशींचा मुलगा मोटारसायकल चोरीच्या गुन्ह्यात आत होता. पंधरा हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा हुकूम झाला. शेजारी जामीनदार व्हायला तयार होते, कागदही घेऊन आले. पिशवीतून टॅक्स पावती काढली तर ती त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. वारस नोंद कधी केलीच नव्हती. मावशी विचारत होत्या, “साहेब, हुकूम तर झालाय की, मग पोरगं का सोडंनात?” वारस नोंद होऊन चालणारा कागद हातात यायला अकरा दिवस गेले.

म्हणून जामीन अर्जाची सुनावणी व्हायच्या आधीच जामीनदाराचे कागद वकिलाला दाखवून घ्या. सातबारा किंवा टॅक्स पावती त्याच्याच नावावर आणि चालू वर्षाची हवी. आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो लागतात. रक्कम मोठी असेल तर तहसीलचा ऐपत दाखलाही मागतात. आधी कोणाकोणाला जामीन राहिलात, हे जामीनदाराला सांगावं लागतं. तो भाग लपवू नका. आणि कोर्टाबाहेर पैसे घेऊन ‘जामीनदार देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नका. कागद खोटे निघाले तर जामीन जातोच, वर फसवणुकीचा नवा गुन्हा अंगावर येतो.

जामीनदार मिळतच नसेल तर गप्प बसू नका. ‘तात्पुरती रोख रक्कम भरून घ्या, जामीनदाराला मुदत द्या’ किंवा ‘रक्कम कमी करा’ असा अर्ज करता येतो. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाने ते चुकीचं ठरवलं. जानेवारी 2023 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी सांगितलं की जामीन होऊनही कैदी सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. भाऊ विजापूरचा किंवा कलबुर्गीचा आहे म्हणून तुम्हीच आधी हार मानू नका.

दुसरी चूक म्हणजे कलम न वाचणं. एफआयआरची प्रत हातात घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीला कलम 303(2), शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. पण माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तोच गुन्हा जामीनपात्र होतो आणि जामीन हा हक्क ठरतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जुना मोबाईल उचलल्याच्या आरोपात हा मुद्दा सगळ्यात आधी पाहावा. घरातल्या चोरीला 305, नोकराने मालकाची चोरी केली तर 306. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यातही पोलिसांनी अटक का गरजेची आहे, याची कारणं लिहायला हवीत. नाहीतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस देऊन बोलवायचं असतं. ती नोटीस आली तर हजर राहा. टाळली तर अटकेला कारण आपणच देतो.

पोलीस कोठडी चालू असताना जामिनाची घाई करून फारसं हाती लागत नाही. न्यायालयीन कोठडी झाली की लगेच अर्ज द्यावा. मग सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्यांचा ‘से’, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, येतो. तिथे आधीचा गुन्हा किंवा आधी फेटाळलेला अर्ज उघड झाला आणि आपण तो लपवलेला असला, तर कोर्टाचा विश्वास उडतो. पुढचे सगळे अर्ज त्याने जड होतात. ‘त्याने चोरी केलीच नाही’ यावर तासभर बोलण्यापेक्षा मुद्देमाल जप्त झालाय, घर सोलापुरातच आहे, कारखान्यात काम आहे, पळून जाणार नाही, हे कागदांनिशी दाखवा. दंडाधिकाऱ्यांनी फेटाळला तर सत्र न्यायालय आहे, त्यानंतर उच्च न्यायालय. सोलापूरकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

साठ दिवसांचा हिशेब तर घरच्यांनी कॅलेंडरवरच लिहून ठेवावा. साध्या चोरीत पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिल्यापासून, साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. मात्र तो मागावा लागतो. अर्ज द्यायच्या आत दोषारोपपत्र दाखल झालं की तो हक्क संपला.

वकिलासाठी दागिने गहाण ठेवण्याआधी कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 15100 हा त्यांचा फोन नंबर.

सुटल्यावरची चूक मात्र स्वतः आरोपीच करतो. हजेरीची अट विसरतो, कामासाठी पुणे गाठतो, पत्ता बदलल्याचं कोणाला सांगत नाही. तारीख चुकली की अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि जामीनदारालाही नोटीस जाते. आजारपणाने किंवा गावी अडकल्याने तारीख चुकणार असेल तर त्याच सकाळी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. वॉरंट निघालंच असेल तर पोलीस दारात येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याच दिवशी जामीनदाराला सोबत घेऊन कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या.