पट्टीचा हिशेब पायथनमध्ये: चूक फुटते कुठे आणि असते कुठे

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाचा हिशेब घ्या. गुळाच्या सौद्याचा तक्ता एक्सेलमध्ये भरलेला आहे: शेतकऱ्याचे नाव, गाव, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, एका रव्याचे वजन, क्विंटलचा भाव. त्यावरून प्रत्येकाची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी) काढणारी पायथन स्क्रिप्ट चाळीस-पन्नास ओळींत बसते. वेळ जातो तो चुका शोधण्यात, आणि त्यातलाही बराचसा भलत्याच ओळीकडे बघत बसण्यात. (आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची.)

पायथनमध्ये प्रकार हा नावाचा नसतो, त्या नावात आत्ता जे मूल्य आहे त्याचा असतो. 'वजन' या नावात आकडा आहे की मजकूर, हे ती ओळ चालेपर्यंत कुणी तपासत नाही. आणि तक्ता एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केला, की पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल त्या फाइलीतला प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच हातात देते. समजा रव्यांची संख्या तुम्ही 'इंट'ने (पूर्णांक करून देणाऱ्या आज्ञेने) आकड्यात बदलली, वजन तसेच राहिले. आता ४ गुणिले "३०" याचे उत्तर १२० येत नाही, "३०३०३०३०" येते. एरर नाही, कारण मजकुराला पूर्णांकाने गुणले की तो तितक्या वेळा जोडायचा, असा पायथनचा नियमच आहे. पुढे क्विंटल काढायला १०० ने भागले की टाइपएरर (मूल्याचा प्रकार चुकीचा असल्याची तक्रार) येतो. भागाकाराची ओळ निर्दोष असते. दोष फाइल वाचणाऱ्या ओळीत असतो. भागाकार नसून नुसती क्रमवारी लावायची असेल तर एररही येत नाही: मजकूर म्हणून "१२०" हा "९०" च्या आधी लागतो आणि यादी उलटसुलट छापली जाते.

म्हणून ट्रेसबॅक (एरर आल्यावर पायथन छापतो तो ओळींचा माग) खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत एररचा प्रकार आणि कारण, त्याच्या वर ती जिथे फुटली ती ओळ. पायथन ३.११ पासून त्या ओळीतला नेमका भाग खाली खुणा करून दाखवला जातो, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला. खालच्या ओळी एखाद्या लायब्ररीतल्या असतील तर तुमच्या स्वतःच्या फाइलीचे नाव दिसेपर्यंत वर चढा. तिथे थांबून एकच प्रश्न विचारायचा: हे मूल्य इथे आले कुठून?

त्यासाठी नुसता 'प्रिंट' पुरत नाही. आकडा ३० आणि मजकूर "३०" दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. 'प्रिंट'च्या आत 'रेप्र' (मूल्य कोडमध्ये लिहितात तसे दाखवणारे फंक्शन) वापरा, म्हणजे अवतरणचिन्हे, मागची मोकळी जागा, लपलेली अक्षरे सगळे उघडे पडते. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगच्या (मजकुरात थेट मूल्ये बसवण्याच्या सोयीच्या) महिरपी कंसात नावापुढे बरोबरचे चिन्ह दिले की नाव आणि त्याचे 'रेप्र' दोन्ही एकदम छापून येतात.

पक्का उपाय म्हणजे रूपांतर एकाच जागी करणे. एक ओळ घेऊन तपासलेले आकडे परत देणारे एकच फंक्शन लिहा आणि बाकी कुठेही 'इंट' किंवा 'फ्लोट' (दशांश संख्या करणारी आज्ञा) येऊ देऊ नका. 'इंट'ला आजूबाजूची मोकळी जागा चालते. मराठी अंकही चालतात, "४२००" असा देवनागरीत लिहिलेला भाव तो बिनतक्रार वाचतो (कोडमध्ये थेट मराठी अंक लिहिला तर मात्र सिंटॅक्सएरर). चालत नाही ते असे: "१,२५,०००" मधला स्वल्पविराम, "३० किलो", रिकामा रकाना, आणि "३०.०" सुद्धा. या सगळ्यांना व्हॅल्यूएरर येतो. तो उघड्या (एररचा प्रकार न सांगता लिहिलेल्या) 'एक्सेप्ट'मध्ये 'पास' लिहून गिळू नका. ती ओळ गायब होते आणि त्या शेतकऱ्याची पट्टीच निघत नाही. फक्त व्हॅल्यूएरर पकडा, ओळीचा क्रमांक आणि ओळीचे 'रेप्र' छापा. क्रमांकासाठी 'एन्युमरेट' (ओळी मोजत जाणारे फंक्शन) २ पासून सुरू करा. पहिली ओळ मथळ्याची असल्याने तो एक्सेलमधल्या ओळीशी जुळतो.

आता मराठी मजकूर. इथे सर्वात जास्त माणसे अडकतात, आणि कारण अगदी नेमके आहे. फाइल उघडणाऱ्या 'ओपन'ला एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) सांगितले नाही, तर इंग्रजीवर ठेवलेले विंडोज बहुतेक वेळा सीपी-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीची जुनी पद्धत) धरते. सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी असतो आणि ऱ्हस्व उकाराचा ८१. सीपी-१२५२ मध्ये या दोन्ही बाइटांना अक्षरच नाही. म्हणून फाइलीत 'कोल्हापूर', 'पन्हाळा' किंवा 'भुदरगड' आले की युनिकोडडिकोडएरर येतो. 'कागल' आणि 'करवीर' यांत हलन्तही नाही, ऱ्हस्व उकारही नाही. फाइलीत अशीच नावे असतील तर ती विनाएरर वाचली जाते आणि नावांच्या जागी कचरा छापला जातो. चाचणीची फाइल बनवताना जोडाक्षर असलेले नाव मुद्दाम घाला.

एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, साधे 'यूटीएफ-८' नको. एक्सेल 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात जतन करताना फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवते. साध्या 'यूटीएफ-८'ने वाचले तर ती पहिल्या मथळ्याला चिकटते आणि 'नाव' हा रकाना डोळ्यांसमोर असून कीएरर (असा रकानाच नाही, ही तक्रार) येतो. एक्सेलमध्ये नुसते 'सीएसव्ही' निवडले असेल तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे झालेली असतात. ती कुठल्याही एन्कोडिंगने परत येत नाहीत, मूळ एक्सेल फाइल पुन्हा जतन करावी लागते.

सारखे दिसणारे शब्दही सारखे असतीलच असे नाही. 'कऱ्हाड' हा शब्द ऱ ला हलन्त देऊन लिहिता येतो, तसाच साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण देऊनही. दिसायला एक, तुलनेत वेगळे, आणि गाववार बेरजेत एकाच गावाच्या दोन ओळी. 'युनिकोडडेटा'मधल्या 'नॉर्मलाइझ'ने हा फरक जात नाही, 'रिप्लेस'ने एक रूप दुसऱ्यात बदलावे लागते. कुठले रूप आहे ते 'अॅस्की' फंक्शनने दिसते.

एका शेतकऱ्याच्या नोंदी दुसऱ्याच्या पट्टीत येत असतील तर फंक्शनची पहिली ओळ बघा. 'नोंदी' या पॅरामीटरला (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या मूल्याच्या नावाला) डिफॉल्ट (काही दिले नाही तर धरायचे मूल्य) म्हणून रिकामी यादी दिलेली असेल. ती यादी फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक हाकेला तीच वापरली जाते. डिफॉल्ट 'नन' (काहीच नाही) ठेवा आणि यादी आत बनवा.

पैशांसाठी 'फ्लोट' वापरू नका. 'राउंड' बरोबर अर्ध्यावर सम संख्येकडे जातो: २४१८.५० चे २४१८, पण २४१९.५० चे २४२०. 'डेसिमल' (दशांश जसेच्या तसे ठेवणारा प्रकार) घ्या, त्याला मूल्य मजकूर म्हणून द्या आणि पूर्ण रुपयात आणणाऱ्या 'क्वांटाइझ'मध्ये 'राउंड हाफ अप' (अर्धा नेहमी वर) सांगा. 'डेसिमल'ला फ्लोट दिला तर फ्लोटची चूक (दशांश नेमके न साठवल्याने होणारी) जशीच्या तशी आत येते.

एवढ्याने सापडले नाही तर संशयित ओळीच्या आधी 'ब्रेकपॉइंट' लिहा (३.७ पासून उपलब्ध). स्क्रिप्ट तिथे थांबते. 'एन' म्हणजे पुढची ओळ, 'एस' म्हणजे फंक्शनच्या आत, 'यू' म्हणजे हाक मारणाऱ्या फंक्शनकडे वर, 'सी' म्हणजे पुढे चालू. कोडमध्ये 'एन' नावाचेच चल असेल तर ते नाव टाइप केल्यावर मूल्य दिसत नाही, स्क्रिप्ट एक ओळ पुढे सरकते. त्याच्या आधी 'पी' आणि मोकळी जागा द्या.