आफ्रिकी ऐक्यावर अभ्यासवर्ग कसा घ्यावा

२५ मे १९६३ रोजी अदिस अबाबा येथे ३२ स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांनी आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या सनदेवर सह्या केल्या, आणि तेव्हापासून हा दिवस आफ्रिका दिन म्हणून पाळला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत त्या संघटनेची जागा घेतलेल्या आफ्रिकन युनियनला जी-२० चे सदस्यत्व मिळाले, त्यानंतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या तोंडी हा विषय येऊ लागला आहे. मात्र दोन-चार सनावळ्या पाठ करून तो सोडून दिला जातो, याचे वाईट वाटते. मुंबईतील एखादे वाचनालय, अभ्यासिका किंवा महाविद्यालयाचे मंडळ यांना हा विषय नीट हाताळायचा असेल, तर पुढील पद्धत उपयोगी पडेल. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात आणि निम्मी मुंबई गावी गेलेली असते, त्यामुळे वर्ग जूनच्या अखेरीस ठेवणे शहाणपणाचे.

वर्ग एका बैठकीत उरकू नये. दोन रविवार, प्रत्येकी दोन तास, आणि वीस-पंचवीसच माणसे, म्हणजे प्रत्येकाला बोलता येते. भिंतीवर आफ्रिकेचा राजकीय नकाशा लावावा आणि प्रत्येकाने आठवडाभर आधी एक देश निवडून त्याची राजधानी, शेजारी, स्वातंत्र्याचे वर्ष आणि तेथील आजचा मोठा प्रश्न एवढे टिपून आणावे. वर्गाचा एक नियम सुरुवातीलाच सांगून ठेवावा : ‘आफ्रिकेत असे असते’ असे वाक्य कोणी उच्चारल्यास ‘कोणत्या देशात?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. आफ्रिकन युनियनचे ५५ सदस्य आहेत. ट्युनिशिया आणि मोझांबिक यांना एकाच वाक्यात बसवणारे विधान बहुधा दोघांनाही लागू पडत नाही.

ऐक्याचा इतिहास सांगताना भाषणांपासून नव्हे, भांडणापासून सुरुवात करावी. १९६० च्या दशकाच्या आरंभी दोन तट होते. घानाचे क्वामे एन्क्रुमा ज्या कासाब्लांका गटात होते, त्याला राजकीय ऐक्याची घाई होती, आणि खुद्द एन्क्रुमा तर सबंध खंडाचे एकच सरकार मागत होते. मोनरोव्हिया गटाला सार्वभौम राष्ट्रांचे सावकाश वाढणारे सहकार्य हवे होते. टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचे) नेते ज्युलियस न्येरेरे यांनीही पायरीपायरीने जाण्याचा आग्रह धरला. १९६३ ची सनद ही या दोन तटांमधील तडजोड होती, आणि ती दुसऱ्या गटाकडे झुकलेली होती. पुढच्याच वर्षी कैरो येथे राष्ट्रप्रमुखांनी ठरवले की, स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्याच मान्य करायच्या. सोमालिया आणि मोरोक्को यांना हे मान्य नव्हते. बेळगाव-कारवारच्या सीमाप्रश्नाची धग ज्या घरांनी सोसली आहे, त्यांना हा निर्णय का घेतला गेला आणि तो किती जणांना जाचला असेल, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. येथे एक दुरुस्ती अवश्य करावी. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत पट्टी घेऊन सगळा खंड वाटला गेला, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात तेथे भूभागावर हक्क सांगण्याचे नियम ठरले, आणि बहुतेक रेषा पुढच्या काही वर्षांतील करारांतून पडल्या.

यानंतर वर्गापुढे एकच प्रश्न ठेवावा आणि दोन्ही रविवारी तो हातचा सोडू नये : या ऐक्यासाठी कोणते सरकार आपला कोणता अधिकार सोडायला तयार आहे? स्थलांतर, संघर्ष आणि तरुणांची बेकारी हे तीन स्वतंत्र धडे म्हणून शिकवले तर ते तीन दुःखांची यादी होऊन बसतात. या प्रश्नाच्या उजेडात पाहिले तर त्यांची गाठ दिसू लागते.

संघर्षाचा भाग सनदेच्या कलमांपासून शिकवावा. जुन्या संघटनेने एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व कसोशीने पाळले. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली, तेव्हा त्या तत्त्वाची किंमत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली. २००२ मध्ये डर्बन येथे आफ्रिकन युनियन कार्यरत झाली, तेव्हा तिच्या घटनेच्या कलम ४ मध्ये युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असल्यास सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा अधिकार लिहिलेला होता. पुढे काय झाले, हे बुरुंडीच्या उदाहरणावरून दाखवावे. डिसेंबर २०१५ मध्ये आफ्रिकन युनियनच्या शांतता व सुरक्षा परिषदेने तेथील राजकीय हिंसाचार रोखण्यासाठी ५,००० सैनिक पाठवण्याचे ठरवले. बुरुंडीच्या सरकारने त्यांना साफ नकार दिला. आणि जानेवारी २०१६ च्या शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी संमतीविना सैन्य न पाठवण्याचा निर्णय घेतला. अधिकार कागदावर आला, तो वापरण्याची वेळ आली तेव्हा मात्र प्रत्येकाला स्वतःची सत्ता आठवली. याच्या शेजारी इथिओपिया ठेवावा : नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रे प्रांतात सुरू झालेले युद्ध आफ्रिकन युनियनच्या मध्यस्थीने २ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रिटोरिया येथे झालेल्या कराराने थांबले. यश अपुरे आहे, पण आहे. सुदानमध्ये मात्र १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांशी लढत आहेत, एक कोटीहून अधिक लोकांना घर सोडावे लागले आहे, आणि आपल्या वर्तमानपत्रांत त्याला मिळणारी जागा पाहून कोणाही विचारी वाचकाला खंत वाटावी. काँगो किंवा दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर राहून आलेला एखादा निवृत्त सैनिक ओळखीत असल्यास त्याला या दिवशी जरूर बोलवावे.

स्थलांतराचा तास मुंबईत सर्वांत अवघड जातो, म्हणून त्याची तयारी अधिक करावी. भूमध्य समुद्रातील बोटींची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात; ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ बोट बुडून ३६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ही घटनाही सांगावी. परंतु सहाराच्या दक्षिणेकडील देशांतून बाहेर पडणारे बहुसंख्य लोक दुसऱ्या आफ्रिकी देशातच जातात, आणि एकट्या युगांडाने पंधरा लाखांहून अधिक निर्वासितांना आसरा दिला आहे, ही गोष्ट आधी फळ्यावर लिहावी. मग आफ्रिकन युनियनच्या मार्च २०१८ च्या किगाली शिखर परिषदेकडे वळावे. तेथे मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर सह्या झाल्या आणि माणसांच्या मुक्त संचाराचा मसुदाही त्याच परिषदेत सह्यांसाठी ठेवला गेला. व्यापार करार ३० मे २०१९ रोजी अमलात आला. संचाराच्या कराराला केवळ १५ देशांची अंतिम मान्यता हवी होती. बरीच वर्षे उलटली तरी ती बोटांवर मोजण्याइतक्याच देशांनी दिली. आमच्या मते आफ्रिकी ऐक्याची आजची अवस्था समजून घ्यायला या दोन करारांच्या तारखा शेजारी शेजारी मांडण्याइतका चांगला मार्ग दुसरा नाही.

या टप्प्यावर चर्चा भूमिपुत्र आणि परप्रांतीय या वादाकडे वळणारच. तिला अडवू नये, पण तिच्या हाती पुरावे द्यावेत. १९८३ मध्ये नायजेरियाने तेल उत्पन्न घटल्यावर लाखो घानावासीयांना हाकलले, आणि मे २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत परदेशी आफ्रिकी रहिवाशांवर हल्ले होऊन ६० हून अधिक माणसे मारली गेली. नोकऱ्या आटल्या की शेजारी परका ठरतो, हे या दोन्ही ठिकाणी दिसते. भारतात कोणत्याही राज्यात जाऊन राहण्याचा हक्क नागरिकाला राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. पश्चिम आफ्रिकेत तेच काम इकोवास या तेथील देशांच्या आर्थिक संघटनेच्या १९७९ च्या करारावर, म्हणजे सरकारांच्या परस्पर मर्जीवर, चालते. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले, तेव्हा तेथील मजूर आणि व्यापाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

बेकारीवर बोलताना आकडेवारीच्या तक्त्याने सुरुवात करू नये. खंडाच्या लोकसंख्येचे मध्यम वय १९ च्या आसपास आहे, एवढा एक आकडा पुरे. दक्षिण आफ्रिकेसारखे अपवाद सोडले तर अनेक देशांत बेकारीचा अधिकृत दर फारसा मोठा दिसत नाही, कारण गरीब माणसाला रिकामे बसणे परवडतच नाही. तो मिळेल ते काम करतो आणि नोंदीत ‘रोजगारात’ धरला जातो. ट्युनिशियातील सिदी बुझिद गावचा मोहम्मद बुआझिझी हातगाडीवर फळे आणि भाजी विकत असे. १७ डिसेंबर २०१० रोजी पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला, प्रांताच्या कार्यालयात त्याची दाद कोणी घेतली नाही, आणि त्याने त्याच इमारतीसमोर स्वतःला पेटवून घेतले. त्यातून उसळलेल्या आंदोलनामुळे महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. पालिकेची गाडी येताच माल गुंडाळून गल्लीत शिरणारे फेरीवाले दादरला रोज पाहणाऱ्या श्रोत्यांना ही गोष्ट आतून कळते, म्हणून ती घाईने सांगू नये.

रोजगार कोठे निर्माण होतो, हे दाखवण्यासाठी मूठभर काजू टेबलावर ठेवावेत. कोकणातील कारखान्यांत फोडल्या जाणाऱ्या काजूंपैकी बराचसा कच्चा माल आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा देशांतून येतो. बी तेथे पिकते आणि ती भाजणे, फोडणे, सोलणे, निवडणे ही मजुरी येथे किंवा व्हिएतनाममध्ये मिळते. ते काम आपल्याच तरुणांना मिळावे, असे त्या देशांना वाटणे रास्त आहे, आणि त्याचा फटका वेंगुर्ल्याच्या कारखान्यात बसलेल्या बाईला बसू शकतो, हेही खरे आहे. दोन्ही बाजू वर्गाने मनापासून मांडाव्यात. येथे निकाल लावण्याची घाई नको.

मुंबईत शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना दुसऱ्या रविवारी पाहुणे म्हणून बोलवावे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आफ्रिका अभ्यास केंद्र आहे. तेथे विचारणा करता येईल. पाहुण्याला प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यावेत, प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, आणि मराठीत सांगणारा माणूस शेजारी बसवावा. त्याच्याकडून त्याच्या देशाबद्दल ऐकावे, सबंध खंडाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. या शहरात भाड्याची खोली मिळवताना त्याला काय ऐकून घ्यावे लागते, हे तो आपणहून सांगू लागला तर मध्येच समर्थन न करता शांतपणे ऐकावे.

शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाने आपल्या देशासाठी एक पान लिहावे : व्यापार आणि संचाराच्या करारांवर त्या देशाने सही केली का, अंतिम मान्यता दिली का, तेथून माणसे कोठे जातात, तेथे कोण येते, आणि आफ्रिकन युनियनसाठी आयातीवर ०.२ टक्का आकारणी करण्याचा २०१६ चा निर्णय तो देश पाळतो का. मान्यतांची यादी आफ्रिकन युनियनच्या संकेतस्थळावर मिळते. ही पाने तारीख घालून ग्रंथपालांकडे द्यावीत, म्हणजे पुढच्या वर्षी तोच देश घेणाऱ्याला कोठे बदल झाला आणि कोठे झाला नाही, हे तपासूनच सुरुवात करता येईल.