घरातूनच पर्सनल ट्रेनिंग चालवताय? या चुका टाळा

जळगावात घराच्या पुढच्या खोलीत मी बायकांना व्यायाम शिकवते. खोली दहा बाय बारा. कुणाला जिममध्ये जायला अवघड वाटतं, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला घरातून तासाभराचीच सूट मिळते, अशा बाया माझ्याकडे येतात. धुळे, भुसावळ, शहादा इथून नव्याने सुरुवात करणारी मुलंमुली मला फोनवर पहिला प्रश्न हमखास विचारतात, "ताई, मशीन कोणतं घेऊ?" मी त्यांना उलट विचारते, पहिल्या दिवशी क्लायंटला तू काय विचारणार आहेस?

न विचारता सुरुवात करणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एक काकू यायच्या. त्यांना मधुमेहाची, म्हणजे रक्तातली साखर कमी करणारी गोळी चालू होती. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी एकादशी होती. सकाळी गोळी घेतलेली, पोटात फक्त चहा. स्क्वॉटच्या तिसऱ्या सेटला त्यांनी माझा खांदा धरला. तळवा गार आणि ओला, बोटं थरथरत होती, आणि मी काय बोलतेय ते त्यांना कळत नव्हतं. साखर एकदम उतरली होती. खाली बसवून पाण्यात तीन-चार चहाचे चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून पहिल्या भेटीत डंबेलला हात लावायचा नाही. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी, साखर, दमा, कोणत्या गोळ्या, कोणतं ऑपरेशन, दिवस गेलेत का, हे सगळं वहीत लिहून घ्यायचं आणि खाली सही. शंका आली तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय सुरुवात नाही. शिवाय रोज दारातच विचारायचं, "आज काय खाल्लं? उपवास आहे का?" श्रावणात, नवरात्रात आणि रमजानमध्ये तर विसरूच नका.

ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र) आणि बीपीचं मशीन घरात हवंच. रक्तातली साखर 70 च्या खाली असेल तर साधारण 15 ग्रॅम साखर द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. बसल्या जागी बीपी 180/110 च्या वर दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, दवाखाना. बीपीवाल्यांना श्वास रोखून वजन उचलू देऊ नका, तसं केल्याने दाब एकदम चढतो. सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) शिकला नसाल तर मशीनच्या आधी ते शिका.

वैशाखात गच्चीवर बॅच

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. सूर्य मावळला म्हणून गच्ची गार होत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो, हात टेकवून पाहा. एप्रिलपासून माझी पहिली बॅच पहाटे साडेपाचला असते आणि संध्याकाळची खोलीत, कूलरसमोर. कूलर कोरड्या उन्हाळ्यातच कामाचा, पावसाळ्यात तो खोली दमट करतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि पंखा. नवीन माणूस उन्हाळ्यात आला तर पहिले दहा-बारा दिवस निम्माच व्यायाम द्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

ओळखीत फी मागायला लाजणं

आपल्याकडे घरी आलेलं माणूस पाहुणं असतं, त्यात कुणी वहिनी, कुणी मावशी. फीचा विषय जिभेवर येत नाही. मग महिना संपतो आणि "काय करू ताई, टाइमच नहीं भेटना" असं ऐकावं लागतं. महिन्याची फी धरू नका, सेशनची धरा. माझे 12 सेशन सहा आठवड्यांत संपवायचे, पैसे आधी, आदल्या रात्रीपर्यंत कळवलं नाही तर सेशन गेलं. नियम नात्यातल्यांनाही तोच. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी जातात, कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरतं. ते दिवस मी कुणाच्या खात्यात धरत नाही. कापूस विकल्याशिवाय ज्या घरात हातात पैसा येत नाही, तिथे दोन हप्ते करून देते, तारीख मात्र लिहून.

ओट्सचा तक्ता हातात देणं

घरात भाकरी आणि भरीत होतंय आणि तुम्ही ब्रोकोली लिहून देताय, तर चौथ्या दिवशी तो कागद फ्रिजवरून गायब होतो. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतोच, ती सोडायला सांगू नका. भरताच्या फोडणीतलं तेल आणि शेवभाजीवरची तर्री यावर बोला. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याला आहार आपण लिहून द्यायचा नाही, ते काम आहारतज्ज्ञाचं.

कागदपत्रं आणि शेजार

उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. कामगार मोजकेच असतील तर शॉप ॲक्टखाली (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखाली) फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. बँक खातं वेगळं ठेवा. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी सांगा. पहाटे गल्लीत चार स्कूटी लागणार आहेत, हे शेजारच्या आजींना सुरुवातीच्या आधी जाऊन सांगा. क्लायंटचा फोटो लेखी परवानगीशिवाय स्टेटसला टाकू नका. मुलगा ट्रेनर असेल आणि बाई क्लायंट, तर घरात आई किंवा बायको असतानाच वेळ द्या आणि दार उघडं ठेवा.

आता मशीन. रबर कोटिंगच्या दोन, तीन आणि पाच किलोच्या डंबेल जोड्या, तीन रेझिस्टन्स बँड, एक बेंच, जाड मॅट आणि खाली रबर शीट, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. ट्रेडमिलच्या मागे निदान सहा फूट मोकळी जागा लागते, माणूस मागेच फेकला जातो. दहा बाय बाराच्या खोलीत ती ठेवली की दोन क्लायंटची जागा गेली. माझ्याकडे आजही ट्रेडमिल नाही.