अंधुक दीर्घिका आणि तेजोमेघ पाहण्यासाठी आयपीस कसे निवडावेत

दुर्बिणीच्या खोक्यावर कितीही पट विशालन छापलेले असो, दीर्घिका आणि तेजोमेघ पाहताना खरा प्रश्न आरशाने गोळा केलेला प्रकाश डोळ्यात किती उतरतो हाच असतो. म्हणून आयपीस, म्हणजे दुर्बिणीला डोळ्याच्या बाजूला लावायचे बदलता येणारे भिंग, घेण्यापूर्वी थोडे गणित करावे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचे अंतर) आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. ८ इंची (२०३ मिमी) आरशाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरच्या) दुर्बिणीला ३० मिमीचा आयपीस ४० पट विशालन देतो. आरशाचा व्यास या ४०ने भागला की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास कळतो. येथे तो सुमारे ५ मिमी आहे. माझ्या मते वहीत आधी हाच आकडा लिहावा. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, वयानुसार कमी उघडते, आणि झोत तिच्याहून रुंद झाला तर उरलेला प्रकाश वाया जातो.

पहिला आयपीस असा कमी विशालनाचा, शक्यतो २ इंची नळीचा घ्यावा, कारण १.२५ इंची नळीतून या दुर्बिणीत जेमतेम १.३ अंश आकाश दिसते आणि कृत्तिकांचा गुच्छ जवळपास २ अंश पसरलेला आहे.

दुसरा आयपीस १२ मिमीचा, म्हणजे १०० पटींचा असावा. विशालन वाढवले की दीर्घिका आणि तिच्यामागचे आकाश सारख्याच प्रमाणात काळवंडतात, त्यामुळे दोघांतला फरक टिकतो. मात्र अंधुक वस्तू आकाराने मोठी झाली की डोळ्याला ती सहज जाणवते, आणि ४० पटींत न दिसलेली छोटी दीर्घिका अनेकदा येथे सापडते.

फिल्टर त्यानंतर घ्यावा. ऑक्सिजन-३ फिल्टर ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा जाऊ देतो, त्यामुळे याच प्रकाशात चमकणारा हंस तारकासमूहातील वेल नेब्युला हा तेजोमेघ उठून दिसतो. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा असल्याने त्यांना त्याचा उपयोग नाही.

निरीक्षणापूर्वी अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि फक्त लाल विजेरी वापरावी. मेच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास पुण्याहून नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला सुमारे २४ अंश उंचीवर असतो. तो आधी ४० पटींत धूसर गोळ्यासारखा पाहावा, मग १०० पटींचा आयपीस लावून त्यातले तारे सुटे होताना पाहावेत.