अज्ञात करंट काढताना या चुका टाळा : एकदा काढलेला बाण हलवू नका

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मी एक गणित हमखास घालतो. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेला, २ ओहमचा रेझिस्टर. उजवीकडे ६ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबरही २ ओहम. मधल्या फांदीत ४ ओहम. तिन्ही फांद्या वर एका बिंदूत आणि खाली एका बिंदूत मिळतात. दोन्ही बॅटऱ्यांचं प्लस वर. तिन्ही फांद्यांतला करंट काढा.

एका वर्षी वर्गातल्या हुशार मुलीनं उत्तर आणलं : डावा करंट शून्य, उजवा ३ अँपिअर, मधला ३ अँपिअर. म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी काहीच देत नाही आणि ६ व्होल्टची एकटी बॅटरी ४ ओहमवर १२ व्होल्ट उभे करते. हे शक्यच नाही. मी आकडेमोड दोनदा तपासली. ती अगदी बरोबर होती.

वहीचं मागचं पान उलटल्यावर उलगडा झाला. आधी तिनं दोन्ही बॅटऱ्यांतून करंट वर जातो असे बाण काढले होते आणि उत्तर बरोबर आलं होतं : डावा २.४, उजवा उणे ०.६, मधला १.८. "सर, करंट उणे कसा असेल? म्हणून बाण फिरवला." बाण फिरवला, उजव्या लूपच्या (बंद वाटेच्या) समीकरणातलं चिन्ह बदललं, पण जंक्शनचं, म्हणजे फांद्या मिळतात त्या बिंदूचं समीकरण 'डावा अधिक उजवा बरोबर मधला' तसंच राहिलं. एकच करंट एका ओळीत वर जाणारा, दुसऱ्या ओळीत खाली येणारा. मग गणित काहीही सांगणार.

मला वाईट याचं वाटलं की तिनं खोडला तो त्या गणितातला सगळ्यात मोलाचा भाग होता. उणे ०.६ म्हणजे ६ व्होल्टच्या बॅटरीत करंट उलटा शिरतोय, ती चार्ज होतेय. बाणाची दिशा हा आपला अंदाज असतो. तो चुकला तर उणे चिन्ह ते सांगतं, आकडा तोच राहतो. म्हणून मी बाण पेनानं काढायला लावतो, पेन्सिलीनं नाही. खोडता आलं नाही की मोह होत नाही.

शेवटी मी पॉवर जुळवतो : दिलेली आणि वापरलेली सारखी यायला हवी. १२ व्होल्टची बॅटरी २८.८ वॅट देते, त्यातले ३.६ दुसरी घेते, उरतात २५.२. रेझिस्टरमध्ये ११.५२, ०.७२ आणि १२.९६, बेरीज २५.२. दोन मिनिटं लागतात. 'वेळ नाही' म्हणणारी मुलं नंतर तेच गणित तीनदा सोडवताना मी पाहिली आहेत.

दुसरी चूक आकृतीच्या दिसण्यावर विसंबण्याची. दोन रेझिस्टर कागदावर शेजारी-शेजारी उभे आहेत म्हणून ते पॅरलल होत नाहीत. दोघांची दोन्ही टोकं त्याच दोन बिंदूंना जोडलेली हवीत. मी प्रत्येक नोडला, म्हणजे अशा जोडबिंदूला, वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरतो : वायर जिथपर्यंत रेझिस्टर किंवा बॅटरीशिवाय जाते, तिथपर्यंत एकच रंग. दोन्ही टोकांचे रंग जुळले तरच पॅरलल. हे न करता थेट सूत्र लावणाऱ्याला मी आकृती पुन्हा काढायला सांगतो.

दोन पॅरलल रेझिस्टरमध्ये करंट कसा वाटला जातो त्याचं पाठ केलेलं सूत्र मला आवडत नाही. त्यात अंशस्थानी ज्याचा करंट हवा तो रेझिस्टर येत नाही, दुसऱ्या फांदीतला येतो, आणि घाईत नेमका तोच उलटा होतो. शिवाय त्या रूपात ते दोनच फांद्यांना चालतं. आधी पॅरलल जोडीवरचं व्होल्टेज काढा, मग प्रत्येक रेझिस्टरनं भागा.

एका रेझिस्टरचा करंट काढताना बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज वापरू नका. त्याच्या दोन टोकांमधलं घ्या.

व्होल्ट भागिले किलोओहम म्हणजे मिलिअँपिअर. ९ व्होल्ट आणि ४.७ किलोओहमचं उत्तर १.९ अँपिअर नाही, १.९ मिलिअँपिअर.

मधल्या पायऱ्यांत आकडे गोल करू नका.

आणि प्रत्यक्ष मोजताना मल्टिमीटरची लाल प्रोब अँपिअरच्या भोकात असेल तर ती बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका. त्या रेंजला मीटर जवळपास नुसती वायर असतो, फ्यूज तिथेच उडू शकतो. फांदी तोडा आणि मीटर मध्ये घाला. मोजून झालं की प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत.