रसायन अंगावर उडाल्यावर पहिल्या काही मिनिटांत या चुका टाळा

तारापूर, तळोजा, लोटे, महाड, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींत आम्ल किंवा कॉस्टिक (कॉस्टिक सोड्यासारखे तीव्र अल्क) हाताळले जाते. ड्रम रिकामा करताना किंवा पाइपलाइनची फ्लँज (नट-बोल्टने जोडलेला सांधा) खोलताना ते अंगावर उडाले, तर इजा किती खोल जाणार हे पुष्कळदा रुग्णालय गाठण्यापूर्वीच ठरून जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जखमी कामगाराला न धुताच गाडीत घालून दवाखान्याकडे नेणे. रसायन त्वचेवर आहे तोवर ते आत जाळत राहते. म्हणून कपडे, बूट, घड्याळ उतरवून तो भाग सेफ्टी शॉवरखाली किमान २० मिनिटे धुतला पाहिजे. चुन्याची कोरडी भुकटी असेल, तर ती आधी झटकावी. कॉस्टिक असल्यास आणखी बराच वेळ धुवावे लागते, कारण ते त्वचेतील चरबीचा साबण करत खोल उतरते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. दुखत नाही म्हणून काम चालू ठेवणाऱ्या हेल्परला थांबवणे ही शिफ्ट इनचार्जचीच जबाबदारी आहे, मग तो हेल्पर कंत्राटी का असेना. डोळ्यांत थेंब गेला असेल, तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवावे. मिटलेल्या डोळ्यावर पाणी ओतण्याचा उपयोग नाही.

आम्लावर खाण्याचा सोडा किंवा कॉस्टिकवर व्हिनेगर लावू नये. त्या अभिक्रियेतून उष्णता निघते, शिवाय धुण्याची मोलाची मिनिटे शोधाशोधीत जातात.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाची गोष्ट वेगळी आहे. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगमध्ये, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग साफ करण्यात, वापरले जाणारे हे आम्ल विरळ असेल, तर वेदना कित्येक तासांनी सुरू होतात. मात्र त्यातील फ्लोराइड शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. धुतल्यावर लगेच २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळावे लागते, त्यामुळे ते त्या विभागातच हाताशी हवे. स्टोअरच्या कुलपात ठेवलेली ट्यूब रात्रपाळीत कोणालाच मिळत नाही.

गमबुटात पॅंट खोचण्याची सवयही घातक आहे, कारण ओघळलेले आम्ल बुटात साचून पाऊल भाजते.

रुग्णालयात जाताना ड्रमवरील लेबलचा फोटो आणि सुरक्षा माहितीपत्रक सोबत द्यावे. नुसते ‘ॲसिड उडाले’ एवढे ऐकून डॉक्टरांना योग्य उपचार ठरवता येत नाही. त्यांना रसायनाचे नाव आणि तीव्रता कळावी लागते.